फिल्टर कुणी बदलला होता?

गल्लीत त्या दोघा भावांना नावानं कुणी हाक मारत नसे. थोरल्याला सगळे ‘मोठे’ म्हणायचे आणि धाकट्याला ‘डॉक्टर’. डॉक्टर म्हणजे औषधं देणारा नव्हे. दर शनिवारी तो गाडीच्या बॉनेटखाली कान लावून उभा असायचा, म्हणून पानवाल्यानं ते नाव ठेवलं आणि मग चिकटलंच.

गाडी दोघांत एकच होती. डिझेलवर चालणारा एक टेंपो, मागे पत्र्याची बंद पेटी. चालवायचं काम थोरल्याचं, राखायचं धाकट्याचं. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून थोरल्यानंच धाकट्याला वाढवलेलं. घरात थोरला बोलेल तीच पूर्व दिशा असायची. फक्त बॉनेट उघडलं की तो गुपचूप दोन पावलं मागं सरायचा.

धाकट्याचा शनिवार ठरलेला होता. दुपारी गाडी सावलीत उभी करायची. डिझेल फिल्टरच्या खाली एक छोटा स्क्रू असतो, तो सैल करायचा आणि खाली काचेची बरणी धरायची. आधी थोडं पाणी येतं, मग डिझेल. बरणी उजेडात धरली की पाणी तळाला वेगळं बसलेलं दिसतं. निव्वळ डिझेल यायला लागलं की स्क्रू बंद. मग एअर फिल्टर काढायचा. धाकटा तो कधी आपटत नसे. आतल्या बाजूनं बाहेर, बेतानं हवा मारायचा, मग आत विजेरी धरून फिरवून बघायचा. कागदाला सुईएवढं भोक असलं तरी उजेड बाहेर येतो. भोक दिसलं की फिल्टर बाद. फिल्टरची डबी ओल्या फडक्यानं पुसायची आणि सगळं जागच्या जागी. नवा फिल्टर बसवला की त्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहायचे.

“अरे, आजारी सासऱ्याचंसुद्धा कुणी इतकं करत नाही,” थोरला चेष्टा करायचा.

“सासरा बंद पडला तर ढकलावा लागत नाही, दादा,” धाकटा मान वर न करता म्हणायचा.

वहिनी दारातून हसायची. दिवस बरे चालले होते. एका मोठ्या बेकरीचं काम होतं. रोज सकाळी पावाचे ट्रे भरायचे आणि दोन इस्पितळं, एक वसतिगृह आणि काही दुकानं करून दहापर्यंत परत यायचं. बेकरीवाले काका वेळेचे फार कडक. पाच मिनिटं उशीर झाला तर तासभर ऐकवायचे. पण आठ वर्षांत गाडी रस्त्यात एकदाही रुसली नव्हती, आणि त्याचं श्रेय काका थोरल्याला द्यायचे. थोरला ते घ्यायचाही.

मग तो दिवस उजाडला. आदल्या दुपारी धाकट्यानं डिझेल फिल्टर बदलला होता. रबरी रिंगला डिझेलचं बोट लावून, हातानं आवळून, वरच्या छोट्या पंपानं हवा काढून, बुडबुडे थांबेपर्यंत. संध्याकाळी थोरला टाकी भरायला निघाला. पंपावर ही लांब रांग. त्याला आठवलं की परसात जुन्या पिंपात थोडं डिझेल पडलंय. पिंपाचं झाकण केव्हाच हरवलेलं, वर एक फळी टाकलेली. त्या पिंपाला हात लावायचा नाही, असं धाकट्यानं बजावून ठेवलं होतं. पण धाकटा घरात नव्हता आणि थोरल्याला कंटाळा आला होता. घरी परतून त्यानं कॅन बुडवला, टाकीत ओतला, दोनदा. गाळलंसुद्धा नाही. हात धुतले आणि विसरून गेला.

सकाळी मोठ्या पुलाच्या चढावर गाडीनं आचके दिले आणि बसली. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. थोरल्यानं धाकट्याला फोन केला. तो शेजाऱ्याची सायकल घेऊन धावत-पळत आला. त्याच्या पाठोपाठ बेकरीवाले काकाही आले. इस्पितळातून त्यांना फोन गेला होता. पेशंटांचा नाश्ता अडकलेला.

काका उतरले तेच तापलेले. “आठ वर्षांत झालं नाही ते आज कसं झालं?”

थोरल्यानं आजूबाजूला पाहिलं. भोवती पंधरा-वीस माणसं जमलेली. “काल फिल्टर बदलला होता,” तो म्हणाला.

“फिल्टर कुणी बदलला होता?”

धाकटा गाडीखाली होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

“ह्यानं,” थोरला म्हणाला. “हवा राहिली असणार आत. नीट बसवला नसेल.”

“मग असल्या माणसाला गाडीला हात कशाला लावू देतोस?”

त्या क्षणी थोरल्याला एवढंच दिसत होतं की काकांचा राग आपल्यावरून दुसरीकडं वळतोय. त्याला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्यातच तो बोलून गेला, “आजपासून नाही लावणार.”

धाकटा गाडीखालून निघाला. हातात ती बरणी होती. त्यानं ती एकदा उजेडात धरली, एकदा भावाकडं पाहिलं आणि बरणी कठड्यावरून रिकामी केली. टाकीच्या तळाचं बूच काढून त्यानं खालचा गाळ कॅनमध्ये काढला, पिशवीतला दुसरा फिल्टर बसवला, पंप मारत राहिला. अर्ध्या तासात गाडी सुरू झाली. पाने-स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळून त्यानं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवले. स्वतः मात्र बसला नाही. सायकल हातात धरून पुलाच्या कडेकडेनं चालत घरी गेला.

घरी दोघं भाऊ वेगवेगळे जेवले. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं बॅग भरली. दुसऱ्या गावात मित्रानं काम बघितलंय, म्हणाला. थोरला घरात होता. “जा की, अडवलंय कुणी,” एवढंच म्हणाला. थांब म्हणायला जीभ रेटली नाही. वहिनी दारापर्यंत गेली, तर धाकटा तिला म्हणाला, “वहिनी, शनिवारी दादाला आठवण करा. खालचा स्क्रू सोडायचा आणि पाणी काढायचं. बाकी काही नाही केलं तरी चालेल.”

आठवडा गेला. वहिनी म्हणाली, “परसातलं ते पिंप हलवा, खालून झिरपतंय.” थोरल्यानं पिंप कलंडवलं आणि उरलेलं डिझेल एका बाटलीत घेतलं. थोडा वेळ ठेवल्यावर बाटलीत वर चार बोटं डिझेल आणि खाली सहा बोटं तांबूस पाणी. त्यानं वर बघितलं. वरच्या मजल्यावरची बाई रोज गॅलरी धुवायची आणि पाणी थेट त्या फळीवर गळायचं.

तो तिथंच पायरीवर बसला. सगळं कळलं, अगदी आरशासारखं लख्ख. मग त्यानं बाटली मोरीत ओतली, वरून पाणी सोडलं आणि पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. वहिनीनं विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही.”

फोन करायचं त्यानं ठरवलं होतं. उद्या करू म्हणाला, मग रविवारी करू म्हणाला. धाकट्याचं लग्न तिकडंच साधेपणानं झालं. त्याचा निरोप आला, थोरल्यानं वहिनीला एकटीलाच पाठवलं. माफी मागायला उशीर झाला की ती मागणं आणखी अवघड होत जातं, आणि थोरला तर कधीच कुणापुढं न वाकलेला. वहिनी पहिले दोन-तीन शनिवार आठवण करत राहिली. चौथ्या शनिवारी तो तिच्या अंगावर ओरडला, “मला शिकवू नकोस.” ती पुन्हा बोलली नाही. फिल्टर अडला की तो कुठल्या तरी गॅरेजात बदलून घ्यायचा. एअर फिल्टर तर टायरवर चार वेळा आपटला की झालं काम. गाडी काळा धूर ओकायला लागली, चढावर दम टाकायला लागली. काकांनी दुसरी गाडी लावली. थोरला मिळेल ते सामान वाहू लागला.

अकराव्या वर्षी गाडी कायमची बसली. गॅरेजवाल्यानं डिझेलचा पंप उघडला, आतला गंज बोटानं खरवडला आणि थोरल्याकडं पाहिलं.

“हिनं वर्षानुवर्षं पाणी प्यायलंय, मोठे. खालचा स्क्रू कुणी कधी सोडलाच नाही का?”

“सोडायचा,” थोरला म्हणाला. “माझा भाऊ सोडायचा.”

“मग त्यालाच बोलवायचं ना!”

गॅरेजवाला सहज बोलून गेला. थोरला मात्र घरी आला तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला शर्ट चढवला आणि बस पकडली.

धाकटा एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवत होता. निळा गणवेश, उंच स्टूल, समोर आठ मजल्यांची बटणं. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर थोरला दिसला तसा तो ताडकन उभा राहिला.

“दादा? कोण आजारी आहे? वहिनी?”

“सगळे ठणठणीत. तुझ्याशी बोलायचं होतं.”

“माझी ड्युटी दोनपर्यंत आहे. आत ये. इथं कोपऱ्यात उभा राहा.”

थोरला कोपऱ्यात उभा राहिला. लिफ्ट वर निघाली. चौथ्या मजल्यावर सगळे उतरले आणि दोघेच राहिले. थोरल्यानं घसा साफ केला.

“त्या दिवशी पुलावर... फिल्टरचा दोष नव्हता. मी आदल्या दिवशी पिंपातलं डिझेल ओतलं होतं.”

सहाव्या मजल्यावर दार उघडलं. एक नर्स चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला घेऊन आत आली. “कुठला मजला, ताई?” धाकट्यानं विचारलं. “दुसरा.” दुसरा मजला येईपर्यंत दोघंही दारावरचे आकडे बघत राहिले. म्हातारा खोकत होता. खुर्ची बाहेर पडली, दार मिटलं.

“मला माहीत होतं,” धाकटा म्हणाला.

“कधीपासून?”

“पुलावरच. बरणीत निम्मं पाणी होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलून बसला होतास ना. त्यावर मी तोंड उघडलं असतं तर काकांनी तुला तिथंच काढलं असतं. म्हटलं, घरी गेल्यावर दादा स्वतःहून म्हणेल.” तो बटणांकडं बघत होता. “मला वाटत राहिलं, तुला ठाऊक असूनही तू माझं नाव घेतलंस.”

“नाही रे! शपथ. तेव्हा डोक्यातही नव्हतं. मला आठवड्यानं कळलं, पिंप कलंडलं तेव्हा.”

धाकट्यानं पहिल्यांदा वळून भावाकडं नीट पाहिलं. त्याचा चेहरा सैल झाला. पण क्षणभरच.

“आठवड्यानं?”

“हो.”

“मग अकरा वर्षं झाली, दादा.”

तळमजला आला, दहा माणसं आत घुसली आणि थोरला पार मागे रेटला गेला. लोकांच्या खांद्यांवरून त्याला भावाची मान तेवढी दिसत होती. कानामागचे केस पांढरे झाले होते.

दोननंतर दोघं कँटीनमध्ये चहाला बसले. थोरल्याचं लक्ष राहून राहून धाकट्याच्या हातांकडं जात होतं. नखं स्वच्छ, तळवे मऊ पडलेले. पूर्वी त्या हातांच्या रेघांमधलं काळं साबणानंही निघत नसे.

“इथं गाडीचं काम मिळालं नाही का तुला?”

“विचारलंच नाही कुठं. सुरुवातीला एका गॅरेजात गेलो होतो. मालक म्हणाला, आधीच्या ठिकाणी विचारून घेतो. आधीच्या ठिकाणचं काय सांगणार?” त्यानं कपातला चहा उगीच गोल फिरवला. “नंतर इच्छाच गेली. इथं तर कुणाला माहीतही नाही मला काही येतं ते.”

कँटीनच्या खिडकीतून आवार दिसत होतं. एक अँब्युलन्स फाटकाचा चढ चढत होती.

“तिचा एअर फिल्टर भरलाय,” धाकटा म्हणाला. “महिना झाला. चढावर धूर बघ.”

“सांगितलंस कुणाला?”

“लिफ्टवाल्याचं कोण ऐकतं?”

थोरल्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. “चल परत,” तो म्हणाला. “दोघं मिळून काहीतरी जुनं घेऊ. तू बघशील, मी चालवीन.”

धाकटा हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते थोरल्याला जास्त लागलं. “पोरीची शाळा इथं आहे, दादा. हिची नोकरी इथं. आणि माझा हात गेला आता. जे मी पूर्वी अंधारात चाचपून करायचो ना, ते आता पुस्तक बघून करावं लागेल.”

“माझं चुकलं रे.”

“चुकलंच,” धाकटा म्हणाला, आणि भावाच्या बशीत सांडलेला चहा त्यानं रुमालानं पुसला.

त्या वर्षी सुटीत धाकटा बायको-पोरीला घेऊन दोन दिवस आला. वहिनीला काय करू नि काय नको असं झालं. मुलगी चुलत्याला चिकटली, रोज त्याच्या ताटात जेवली. पण गाडीचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. गाडी भंगारात गेली होती, आणि थोरला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला होता.

आता दर रविवारी फोन असतो. तब्येत, पोरीचे मार्क, पाणी आलं का, पगार झाला का. बोलणं संपलं तरी थोरला फोन लगेच ठेवत नाही. पलीकडून धाकटा म्हणतो, “ठेवू का, दादा?” थोरला “ठेव” म्हणतो, आणि पुढचा बराच वेळ वहिनी त्याच्याशी काही बोलायला जात नाही.