हॉटेलवाल्यानं पूरं नाव विचारलं तेव्हा

मित्रांनो, आज सकाळचीच गोष्ट सांगून राहिलो.

आईनं समुद्र पाह्यला नाही, म्हणून दिवाळीत तिले फोर्ट कोचीले नेतो. तिथल्या जुन्या गल्लीतल्या लहानशा हॉटेलात सौंसरहून फोन लावला. मालक तुटक्या हिंदीत म्हणाला, "रूम है." आईचे गुडघे दुखतात, तेही सांगितलं. मग त्यानं पूरं नाव विचारलं.

मी आडनाव सांगितलं. तो जरा थांबला. "आधे घंटे में बताता हूँ," म्हणून फोन ठेवला.

माह्या मनात पाल चुकचुकली. नागपुरात खोली पाहताना आडनाव सांगितल्याबरोबर "खोली गेली" असं मी स्वतः ऐकलं आहे.

बायको म्हणाली, "अहो, केरळच्या माणसाले आपल्या आडनावावरून जात काय समजन?"

"समजतेच बरोबर," मी म्हणालो, अन् दुसरं हॉटेल शोधाले लागलो.

तेवढ्यात त्याचाच फोन. "नीचे का रूम दूसरे का था. उनको ऊपर के लिए मनाया. माँजी को सीढ़ी नहीं चढ़ना."

मी खालची रूम पक्की केली. चूक माहीच होती. पण उद्या कोणी पूरं नाव विचारलं, तर मी पुन्हा अडखळीनच.

तुमचंही असं होते का?