येणारे आणि राहिलेले

गाव ओस पडत गेलं, पण शिंपीणमावशींनी आपलं मशीन हलवलं नाही. अशात सरकारने योजना काढली: बाहेरून येऊन इथे राहील त्याला बंद पडलेलं दुकान फुकट. मावशी तडक कार्यालयात गेल्या.

"येणाऱ्यांना पायघड्या, आणि आम्ही गाव धरून राहिलो त्याचं काय?"

साहेब ओशाळले. "राहिलेल्यांसाठी काहीच नाही हो, मावशी."

पुढे समोरच्या दुकानात सायकली दुरुस्त करणारी एक बाई मुलीला घेऊन राहायला आली. मावशींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एके सकाळी तीच दारात आली. "मावशी, हिचा शाळेचा गणवेश शिवाल?"

कित्येक वर्षांत मावशींनी गणवेश शिवला नव्हता. राग गेला नव्हता, पण हात आपसूक टेपकडे गेला.

"खाली चार बोटं कापड दुमडून ठेवते गं," त्या मुलीला म्हणाल्या. "पुढच्या वर्षी उंच झालीस की उसवून देईन."