अक्काची हजेरी

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमच्या मेडिकल कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली. हजेरी कमी भरलेल्यांची, म्हणजे ज्यांना परीक्षेला बसता येणार नाही त्यांची. त्या यादीत अक्का होती. अन्याय तिच्यावर झाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. तिला अजून त्याच इमारतीत राहायचं आहे.

अक्का माझी हॉस्टेलमधली रूममेट, एक वर्ष पुढची. पुढच्या वर्गातल्या मुलीला आमच्याकडे अक्काच म्हणतात. ताटावरून उठताना, अर्धे केस विंचरलेले असताना, पुस्तक नुकतंच उघडलेलं असताना ती दोन बोटं वर करायची. "दोनच मिन्टं. आली मी." आणि दोन तासांनी यायची.

जायची कुठं, तर वॉर्डात, नाहीतर ओपीत, म्हणजे बाहेरच्या पेशंटांच्या तपासणीला. आमचे मोठे डॉक्टर हैदराबाद-वरंगलकडचे, तेलुगू बोलणारे. पेशंट आपले, मराठी बोलणारे: उटनूरच्या बाजारात भाजी विकणारे, बेज्जूरकडून दोन बस बदलून आलेले. दोघांच्या मध्ये कोणी दुभाष्या नेमलेला नाही. "मराठी अम्मायी एक्कडा?" असं सर विचारायचे. मराठी पोरगी कुठं आहे? की शिपाई तिच्या वर्गाच्या दाराशी हजर.

आता ऐका. आमच्याकडे हजेरी तासाच्या शेवटी घेतात, पोरं मधूनच पळू नयेत म्हणून. जी पोरं मागच्या बाकावर झोपली ती हजर. जी सरांनीच बोलावली म्हणून उठून गेली, ती गैरहजर.

ती बोलायची मात्र झकास. एक आजी एकदा दहा मिनिटं सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. सरांनी विचारलं, काय म्हणते? अक्का म्हणाली, "तीन दिवसांपासून जेवण नाही, सर." आजीला संशय आला.

"सुनेचं सांगतलं का साहेबाले?"

"सांगतलं, आजी."

"मंग काय म्हनले?"

"म्हनले, आधी तिच्या हातचं जेवा, मंग भांडा."

आजी हसली. त्या दिवशी तिनं पेज घेतली. असा इलाज कुठल्या पुस्तकात आहे, मला दाखवा.

पण अक्का स्वतः जेवत नव्हती. पहाटे उठून बुडालेल्या तासांच्या वह्या उतरवून काढायची. कंगव्यात केसांचा पुंजका निघायचा, तो ती माझ्यापासून लपवायची. कॉलेजनं मनःस्वास्थ्यावर एक व्याख्यान ठेवलं. पाहुण्या बाई म्हणाल्या, डोळे मिटा, लांब श्वास घ्या, स्वतःसाठी वेळ काढा. अक्कानं डोळे मिटले. तिसऱ्या श्वासाला शिपाई आला.

मी विद्यार्थ्यांच्या हक्कांवर पत्रकं लिहिणारी. मला सगळं सोपं वाटतं.

"काऊन जातं तू? नाई म्हन ना सरले."

"तोंडी परीक्षा कोन घेते? सरच."

"मंग पेशंटले नाई म्हन."

"तो माह्या बापासारखा बोलून राह्यला, पोरी. त्याले कसं म्हनू?"

"मंग सोड हे कॉलेज."

"दहावी-बारावीचे असली कागद ऑफिसच्या कपाटात अडकून हायेत. कुठं जाऊ?"

तिच्या वांगी-मेथी लावणाऱ्या बापानं गावात पोरीला आत्ताच डॉक्टरीण करून टाकलं होतं. म्हणजे घरी परतायचं दारही बंद.

कमी हजेरी माफ करून घ्यायला हजेरीच्या समितीकडे दरखास्त, म्हणजे अर्ज, द्यावी लागते. ऑफिसातले कारकून म्हणाले, "घरगुती कारण लिवा अम्मा, जल्दी मंजूर होतंय." अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहून टाक. हो, मीच. हक्कांवर पत्रकं लिहिणाऱ्या मला एवढं कळलं नाही. समितीपुढे ज्या सरांनी तिला वर्षभर बोलावलं, त्यांनीच ती दरखास्त वाचली. "हिनं स्वतःच घरगुती कारण लिहिलंय." दरखास्त फेटाळली गेली, यादी लागली ती त्यानंतर.

चार दिवसांनी शिपाई खोलीशी आला. सर बोलावतात. अक्का पलंगावरून उठली नाही. तेलुगूत म्हणाली, "नाकू मराठी रादु." मला मराठी येत नाही. मग भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी वॉर्डात कोणाचं काय दुखत होतं, सरांना कळलं की नाही, मला माहीत नाही. तेव्हापासून ती वॉर्डात गेलेली नाही. माझ्याशीही तेलुगूतच बोलते.

मी अक्कावरच्या अन्यायाची पत्रकं घेऊन उटनूरच्या बाजारात उभी राहिले. टमाट्यांच्या ढिगामागच्या मावशींनी पत्रक घेतलं नाही. विचारलं, "ते मराठी बोलनारी डॉक्टरीन कुठं हाय?" मग कमरेची पिशवी सोडून ओपीची चिठ्ठी काढली. पुढं तारीख आणि वेळेचा शिक्का. मागं अक्काचं अक्षर: "मावशी, पांढरी गोळी सकाळी जेवून. लाल रात्री. पाणी उकळून प्या." पत्रकासाठी काढलेला हजेरीपटाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. त्याच दिवशी, त्याच तासाला, अक्का गैरहजर.

चिठ्ठी घेऊन मी ऑफिसात गेले. कारकून म्हणाले, एका चिठ्ठीनं काय होतं? दसऱ्यानंतर समिती पुन्हा बसेल, तेव्हा बघू.

म्हणून हे तुम्हाला लिहिते. तुम्ही त्या वॉर्डात, त्या ओपीत आला होता. तुमचं दुखणं तिनं सांगितलं होतं. चिठ्ठी घरातच असेल, रेशन कार्डाच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागं, गाद्यांखाली. उलटून बघा. मागं मराठीत लिहिलेलं असेल तर दसऱ्याच्या आधी ती घेऊन कॉलेजच्या फाटकाशी या. मी रोज सकाळी तिथं उभी असते. नुसता फोटो पाठवू नका. स्वतः या, आणि त्या दिवशी ती तुमच्याजवळ उभी होती, एवढं दसऱ्यानंतर बसणाऱ्या समितीला तुमच्या तोंडानं सांगा.