कडू कंदाचा खुलासा

मी नाशिकची, गंगापूर रोडवर वाढलेली. सत्तरचं दशक संपत आलं असताना हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका शाळेत माझी बदली झाली. विज्ञानाच्या पुस्तकात आहारावर धडा होता आणि त्यात सफरचंद होतं. वर्गात एकाही मुलाने ते पाहिलेलं नव्हतं. मी फळ्यावर काढून दाखवलं, तर सगळे एका सुरात ओरडले, “टमाटं!”

दोन दिवस सफरचंदाशी झगडून मी वैतागले. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “बरं, तुम्ही काय खाता ते सांगा.”

“कडूकंद,” एक मुलगी म्हणाली.

“कडू? मग खाता कसा?”

“आजी कडू घालवती ना त्याचं.”

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती, कंदाचे दिवस होते. मी तिच्या आजीला बोलावलं. आजी आली, पण पायरीवरच बसली.

“आत या ना, आजी.”

“नको बाई. आत शिकेल मानसं बसत्यात.”

मग मीच वर्ग बाहेर आणला. आजीने राख टाकून कंद उकडले, पातळ चिरले आणि टोपलीत भरून शाळेमागच्या ओहोळात ठेवले. “पानी व्हातं पायजे. साचल्या पान्यात कडूपन जात नाय,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलांनी ते चाखले. पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही, हे मी तिथेच, काठावर उभी राहून शिकवलं. एरवी ते शिकवताना घसा बसायचा.

नेमके तेव्हाच विस्तार अधिकारी तपासणीला आले. वर्ग रिकामा, मुलं ओहोळात.

“पुस्तकात मीठ आणि साखर दिलीय, बाई.”

“तत्त्व तेच आहे, साहेब.”

त्यांनी काठावर उरलेला एक कंद उचलून आजीला विचारलं, “हा कच्चा खाल्ला तर?”

“ओकाऱ्या व्हत्यात. म्हनून तं शिकवते.”

झालं! विद्यार्थ्यांच्या हाती विषारी वनस्पती दिली, असा शेरा पडला आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. पहिला खुलासा लांब म्हणून परत आला, दुसरा नमुन्यात नाही म्हणून. तिसऱ्यात मुख्याध्यापकांनी ‘यापुढे असे घडणार नाही’ हे वाक्य घालायला लावलं. मी सही केली. त्या सहीचा मला अजून राग येतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी परिपत्रक आलं की परिसरातलं ज्ञान अध्यापनात आणावं. तेच साहेब भर पावसाळ्यात धावत आले. “बाई, पाहुणे येणारेत. तुमची ती कंदवाली आजी बोलवा. आदर्श पाठ घेऊ.”

मी चिखल तुडवत शेतावर गेले. आजी वाकून नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं लावत होती. सगळं ऐकून तिने कंबर सरळ केली.

“आता कंद कुठला, बाई? आन ही लावनी कोन करंल, तुमचा सायेब?”

मी साहेबांना म्हटलं, तारीख दिवाळीनंतरची घ्या. ते म्हणाले, “तारीख वरून ठरलीय. कंद मातीचा करा.”

मी केला. पाहुण्यांसमोर तो सुरीने चिरायला घेतला तर त्याचा भुगा झाला. मुलं खदाखदा हसली, पाहुणेही हसले. वहीत ‘उपक्रम स्तुत्य’ असं लिहून, चहा घेऊन ते जीपमध्ये बसले. आणि मी टेबलावरची माती पुसत बसले.