वार कोणता?

जगातल्या प्रत्येक बिघाडाचे मूळ गाळणीत असते, असे मानणारा माणूस उभ्या वणीत एकच आहे, आणि तो आमच्या समोरच राहतो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. कोळशाचे ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. हात थकल्यावर गॅरेज मुलाकडे गेले; निदान करण्याची खोड मात्र त्यांच्याकडेच राहिली. आमच्या कुरकुरणाऱ्या फ्रीजला ते कान लावत. बाबांचा खोकला डोळे मिटून ऐकत आणि गंभीरपणे सांगत, "भाऊ, तुमचं एअर फिल्टर चोक झालं." दोन भावांत अबोला झाला, तरी मध्ये कुठेतरी कचरा अडकला असणार, हे त्यांचे मत ठाम असे.

मी वारेवर संशोधन करणार हे कळताच त्यांनी विचारले, "कोणत्या वारावर? सोमवार का मंगळवार?"

"दिवस नव्हे, चाचा. पोटात बाळाबरोबर वाढते ती वार."

"मंग सरळ फिल्टर म्हण ना!"

मी हिरिरीने समजावले. गाळणीला भोके असतात. वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी मात्र एकमेकींत मिसळून एकसंध होतात, त्यामुळे विषाणूला शिरायला सांधाच सापडत नाही. शिवाय ती आसपासच्या पेशींना सावध करते, आणि अन्न व आईची प्रतिपिंडे तेवढी आत सोडते. चाचांनी सारे ऐकून घेतले. "म्हणजे कंपनी फिटिंगचं फिल्टर," ते म्हणाले.

पुढे ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि सातव्या महिन्यात तापाने फणफणली. ताप विषाणूचा होता. "बाळाले काही होईन का वं?" तिने मला विचारले. काही विषाणू वारेलाही चकवतात, हे मला ठाऊक होते. "बहुतेक नाही," मी म्हणाले. उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहता निरुपयोगी.

त्याच दिवशी चाचांनी आपले लोखंडी स्टूल आमच्या दारात आणून मांडले. एक ताप पुरे, दुसरा आत येता कामा नये, एवढाच त्यांचा हिशेब. डबे आत जात, औषधे जात, माणसे परत जात. ताईच्या सासूबाई कडाडल्या, "माह्या सुनेले भेटाले मले काहून अडवता?"

"डबा जाईन, बाई. तुम्ही नाही जाणार."

स्वतः चाचांनीही उंबरा ओलांडला नाही. खिडकीशी उभे राहून हाक मारत, "बेटी, आवाज दे!" ताई क्षीणपणे 'ओ' देई. ते डोळे मिटून ऐकत आणि आम्हाला सांगत, "इंजिन बराबर हाय." माझ्या 'बहुतेक'पेक्षा ताईला त्याचाच आधार वाटे.

ताप उतरला. दिवस भरल्यावर दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. वारही चांगली आहे."

"जुम्मा हाय, डॉक्टरसाहेब," चाचा उत्तरले, "वार चांगलाच असन." आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, मग बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले.

ती भाची आता शाळेत जाते. मी दूरच्या प्रयोगशाळेत वारेचेच तुकडे तपासत असते. चाचांना हल्ली दिवस आठवत नाहीत. फोन करतात आणि विचारतात, "बेटा, आज वार कोणता हाय?" मी सांगते; थोड्या वेळाने ते पुन्हा तेच विचारतात. पूर्वी मी पुन्हा दिवसच सांगत असे. आता म्हणते, "चांगली आहे, चाचा."

पलीकडून तेच जुने, घरघरते हसू ऐकू येते. मीही डोळे मिटून ते ऐकते.