शेवटचा भाग नको म्हणणारी बाई

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्या साली पाऊस पडला नव्हता. आमच्या वाचनालयात मात्र राक्षस-जादूगारांच्या भागाभागाने निघणाऱ्या एका लांबलचक कादंबरीवरून वाद चालायचा. एक मास्तर म्हणायचे, "असं पुस्तक झालं नाही." एक वकील म्हणायचे, "नुसतं पाणी घालून वाढवलंय."

चाकूरहून एसटीने येणारी एक बाई पदराने घाम पुसत हा वाद उभ्यानेच ऐकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढचा भाग ती आधी हातावर तोलून बघायची. जाड निघाला की खूश व्हायची.

एकदा वकिलांनी तिलाच विचारलं, "तुम्हाला कंटाळा येत नाही का हो?"

"मी सासूबाईला वाचून दावते, साहेब. अंथरुणाला खिळल्यात. पुढं काय झालं ते ऐकायसाठीच जगून राहिल्यात. लांबू द्या की!"

शेवटचा भाग आला तेव्हा मास्तरांनी आपला नंबर सोडून तो तिच्यापुढे ठेवला. तिने हात मागे घेतला.

"ह्यो नको. पयला हाय का? सासूबाईला सांगते, शेवटचा अजून छापायलेत."

वकील उठले आणि पहिला भाग त्यांनीच कपाटातून शोधून दिला.