सरलाचा डावा पाय

त्या दुपारी म्हैसूरमधल्या विजयनगरला सरलाच्या घरी मी गेले ती एकच गोष्ट सांगायची असं ठरवून. बसमध्ये वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. तीसेक वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, आता आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. आजारानं सरला इतकी वाळली होती की उशीला टेकून बसलेल्या तिच्यापेक्षा अंगावरची शालच जास्त दिसत होती. “आलीस ना गं वनिता, साकु,” ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे झालं, एवढंच. आमच्या म्हैसूरच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, आणि जिव्हाळ्याचं बोलताना तर जास्तच. मी तिच्या गोळ्यांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची कुरकुर केली, कॉफी प्याले. शेवटी धीर करून म्हणाले, “सरला, तुला एक सांगायचं होतं...” तर ती म्हणाली, “आमेले सांग, नंतर. आधी आमच्या मेघूला बघ ना एकदा. आठवड्यात दोनच दिवस जुडोचा क्लास, बाकीचे दिवस घरीच करते ती, माझ्यासारखी. ट्यूशनला गेलीये, येईल आता, थांब.” मेघना ही तिची चौदा वर्षांची मुलगी. मी घड्याळ बघितलं. पुढच्या वेळी नक्की बघते म्हणाले आणि उठले... खरं सांगायचं तर सुटले. पुढची वेळ आलीच नाही. अकराव्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानात होते, गळ्यात शिट्टी, समोर सहावीची पोरं. “सरला गेली,” एवढंच ते बोलले. मला रडू यायच्या आधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आता सांगावं लागणार नाही, असं आलं.

आम्ही दोघी सोळा-सतराच्या असल्यापासूनच्या मैत्रिणी. माझे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेतले. आमच्या घरात तलवार एकही नव्हती, पण तलवारीच्या गोष्टी भरपूर होत्या, त्यामुळे मी जुडो शिकायला लागले तेव्हा ‘रक्तातच आहे’ म्हणून सगळे खूश झाले. सरला शिंप्याची मुलगी. तिच्या अप्पांकडे क्लबनं जुडोचे जाड दुहेरी कापडाचे अंगरखे शिवायला दिले होते. त्यातला पहिला मापाला म्हणून तिनं अंगात घातला आणि मग काढलाच नाही, तसाच घालून क्लासला आली. शिकवणारे सर निवृत्त हवालदार होते, त्यांना सगळे मेष्ट्रु म्हणायचे. क्लास फक्त मंगळवारी आणि शनिवारी, कारण बाकीच्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये योगासनं नाहीतर कुणाचं तरी लग्न असायचं. मेष्ट्रूंचा हुकूम ठरलेला: मधल्या दिवशी घरी रोज शंभर. शंभर म्हणजे समोरच्याला प्रत्यक्ष न फेकता फक्त आत शिरायचं, वळायचं, बाहेर यायचं, परत शिरायचं. घरी समोर उभं राहायला कुणी नसेल तर सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधायची आणि तिची दोन टोकं म्हणजे समोरच्याची बाही आणि कॉलर समजायची. फौजेतल्या घराण्याची मी वीस करून शंभर सांगायची. सरला शंभर म्हणजे शंभर करायची, रोज सकाळी, अप्पांचं दुकान उघडायच्या आधी, दुकानामागच्या त्यांच्या एकुलत्या खोलीत.

एकदा तिनं मला ते बघायला बोलावलं. खांद्यावरून फेकायचा डाव होता. उजवा पाय समोरच्याच्या पायापुढे टाकायचा, गर्रकन वळून आपली पाठ त्याच्या छातीला भिडवायची, आणि डावा पाय मागे, खोल, त्याच्या दोन पायांच्या मध्ये न्यायचा. तो डावा पाय खोल गेला नाही तर पाठ आणि छाती यांच्यात फट राहते, आणि हुशार प्रतिस्पर्धी त्या फटीत आपला पाय घालून तुम्हाला मागच्या मागे पाडतो. सरला छान वळायची, माझ्यापेक्षा चपळ. पण उजेडासाठी अप्पांचं शिलाई मशीन खिडकीलाच लावलेलं होतं, आणि त्याच्या पॅडलचं लोखंड नेमकं तिच्या डाव्या पायाच्या वाटेत यायचं. लागू नये म्हणून पाय दरवेळी अर्धी वीत अलीकडे थांबायचा. पहिल्याच खेपेला मला ते दिसलं. तिला दिसलं नाही, कारण पाय तिच्या पाठीमागे होता. घामानं डबडबून ती म्हणाली, “सरी इदे ना गं, बरोबर आहे ना? खरं सांग हां, सुम्ने, उगाच छान छान म्हणू नको.”

मशीन जरा सरकव. एवढंच सांगायचं होतं. दोघींनी हात लावला असता तर मिनिटभराचं काम. पण तीन आठवड्यांवर राज्य स्पर्धेची निवड होती, आम्ही दोघी एकाच वजनगटात होतो, आणि म्हैसूरमधून त्या गटात एकच मुलगी जाणार होती. मी म्हणाले, “बरोबर आहे की. असंच करत राहा.” तिचा चेहरा असा फुलला... मग तिनं विचारलं, रोज सकाळी समोर उभी राहायला येशील का. मी अभ्यासाचं कारण सांगितलं. मेष्ट्रु क्लासमध्ये “आळ, आळ!” म्हणजे खोल, खोल म्हणून ओरडायचे, पण ते तीसच्या तीस पोरांना ओरडायचे, त्यामुळे ते आपल्यालाच आहे असं कुणाला वाटायचं नाही. आणि सरलाचा तर माझ्यावर विश्वास होता.

निवडीच्या दिवशी शेवटी आम्हीच दोघी समोरासमोर आलो. ती विजेसारखी आत शिरली. मला काही करायचंच नव्हतं, फट कुठे असणार ते पाठ होतं. मी पाय घातला, बसले, आणि ती पाठीवर. मेष्ट्रूंनी टाळ्या वाजवल्या. सरला उठली, अंगरखा नीट केला, वाकून नमस्कार केला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, “माझीच प्रॅक्टिस कमी पडली गं.” दुसऱ्या दिवसापासून तिनं शंभराचे दोनशे केले. माझं खोटं ती दिवसातून दोनशे वेळा गिरवत होती, आणि मी राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र घेऊन शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले. आज मी क्रीडाशिक्षिका आहे. दुसऱ्याची चूक दिसली की लगेच सांगावी, असं पोरांना ठणकावून सांगते, आणि सांगताना जीभ अडखळतसुद्धा नाही. सरला लग्न होऊन कृष्णराजनगरला गेली, पुढे नवऱ्याच्या बदलीनं पुन्हा म्हैसूरला आली. सणावाराला भेटायचो, पोटभर हसायचो. दरवेळी मी आज सांगते म्हणायची आणि दरवेळी तिनं वाढलेलं गोडधोड खाऊन घरी यायची.

तेराव्यानंतर काही दिवसांनी, एका संध्याकाळी, मी पुन्हा विजयनगरला गेले. मेघना हॉलमध्ये सराव करत होती. बाल्कनीच्या ग्रिलला ट्यूब बांधलेली, सोफा भिंतीला सरकवलेला, आजूबाजूला ऐसपैस मोकळी जागा. ती आत शिरली, वळली, आणि तिचा डावा पाय अर्धी वीत अलीकडे थांबला. पुन्हा वळली, पुन्हा तिथंच थांबला. तिथं मशीन नव्हतं, काहीच नव्हतं.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“अम्मानं. क्लासमधले सर म्हणतात चुकतंय. पण अम्मा म्हणायची, वनितामौशीनं स्वतः बघून सांगितलंय, बरोबर आहे म्हणून.”

त्या क्षणी मला दोन गोष्टींची भीती वाटली. एक, ही पोर माझ्याकडे पुन्हा कधी बघणार नाही. आणि दुसरी तिच्याहून वाईट. मी हा पाय सुधारला तर सरलाचं जे या मुलीच्या अंगात उरलंय, ते मीच पुसून टाकणार. पण गप्प बसून मी एकदा काय केलं होतं ते मला माहीत होतं. मी तिला तिथंच सगळं सांगितलं, मशीन, निवड, माझा पाय, सगळं.

“मग अम्माला का नाही सांगितलं?”

“मला जिंकायचं होतं.”

“आमेले? जिंकल्यानंतर?”

ती ट्यूब सोडून आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही, तेव्हा मी चपला घालायला दाराशी गेले. तेवढ्यात ती आली. डोळे लाल होते, तोंड धुतलेलं होतं. माझ्या साडीचा पदर तिनंच कमरेला खोचला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “मौशी, उभी राहा.” मग ती आत शिरली, तिच्या आईसारखीच, पाय अलीकडे ठेवून. ओंदु, एरडु, मूरु... दहा मोजून थांबली. श्वास घेतला. “आता सांग. पाय कुठं पाहिजे?”

हल्ली क्लास नसेल त्या संध्याकाळी मी विजयनगरला जाते. तिचा पाय सुधारतोय, आता चांगला खोल जातो. पण सुरुवातीचे दहा ती अजून अम्माच्या पद्धतीनं करते. अशानं पायाला जुनी सवय लागून राहील, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “गोत्तु मौशी. माहीत आहे.” ती आत शिरते, वळते, आणि तिच्या पाठीत आणि माझ्या छातीत दर खेपेला अर्धी वीत जागा राहते. पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्या पायाला ती जागा अजून बरोबर कळते, तो आत जायला शिवशिवतो. दहा होईपर्यंत मी त्याला हलू देत नाही.